दाब, धर, सोड

चहा पिताना भुंग्याचा उजवा पाय टेबलाखाली फरशी दाबत होता. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. पाय आपला आपण चालला होता, भुंग्याला त्याचा पत्ताही नव्हता. बायको समोर बसून वाटाणे सोलत होती. पायाबरोबर टेबल हलत होतं आणि टेबलाबरोबर वाटाणे ताटात इकडून तिकडे पळत होते.

"चहाला ब्रेक लावताय का?" ती म्हणाली. "थांबलाय हो तो कधीचा. वर सायसुद्धा धरली."

भुंग्याने पाय आवरला. मग उठून नळाशी गेला, तोटी घट्ट आहे ना बघितलं, आणि परत येऊन बसला. पाय पुन्हा सुरू झाला.

भुंगा हे नाव त्याला बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये पडलं होतं. सगळी नोकरी ब्रेकच्या कामावर गेली. काम दुसऱ्याचं का असेना, चाक उघडलेलं दिसलं की हा त्याच्याभोवती घिरट्या घालायचा. लायनर नीट घासलाय का, स्प्रिंग बसली का, पाइप कुठे पाझरतोय का. आता तो निवृत्त झाला, घिरट्या मात्र झाल्या नाहीत. त्या घरात आल्या. बायको फोडणी करत असली की मागून हात घालून हा शेगडी बारीक करणार.

"अहो, मी उभी आहे ना इथे?"

"हो, पण मोठी होती."

"मोठीच ठेवली होती."

आणि गेले काही महिने तर घिरट्यांना ऊतच आला होता. कारण शेडमध्ये उभी होती: मलईच्या रंगाची, गोल डोळ्यांची जुनी गाडी. गाडी खरं तर बायकोच्या वडिलांची. तिच्यावरच ती तरुणपणी चालवायला शिकली होती, वडील शेजारी जीव मुठीत धरून बसायचे. लग्नानंतर गाडी या घरी आली आणि भुंग्याने तिचा ताबा घेतला. बायको शेजारच्या सीटवर कधी सरकली, तिला कुणी सरकवलं, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

बायकोची थोरली बहीण, ताई, डोंगरावरच्या वस्तीत एकटी राहायची. काही महिन्यांपूर्वी तिच्याकडून परत येताना उतारावर ब्रेकचे ड्रम तापले. पेडल पायाखाली कडक लागत होतं, पण गाडी काही ऐकेना. वळणाशी रस्त्याच्या कामाचा वाळूचा ढीग पडला होता म्हणून निभावलं. गाडी त्यात नाक खुपसून थांबली. ताईने दिलेली मोगऱ्याची कुंडी बायकोच्या मांडीवर फुटली. भुंगा उडी मारून उतरला, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि ड्रमच्या अंगावर थुंकी टाकून तो किती तापलाय ते बघू लागला. तो उठला तेव्हा बायको कपड्यांवरची माती झटकून, पर्स खांद्याला लावून, थांब्याकडे चालायला लागली होती. रागावली नाही, रडली नाही. त्या दिवसापासून ती ताईकडे बसने जाऊ लागली.

"बसचे ब्रेक काय आभाळातून पडलेत?" भुंगा एकदा चिडून म्हणाला. "मीच केलेत ते!"

"केले होतेत. आता तिथे तुम्ही नाही, म्हणून तर निर्धास्त बसते."

भुंग्याने मग तिला सगळं समजावून सांगितलं. उतार किती तीव्र, लायनर कुठल्या कंपनीचा, मागे सामान किती. ती ऐकून घ्यायची आणि ऐकता ऐकता कपड्यांच्या घड्या घालायची. एकदा ती मुलीशी फोनवर बोलत होती. "अगं, आधी चाकाकडे गेले," असं तिचं वाक्य भुंग्याच्या कानावर पडलं. मुलगी पलीकडून काहीतरी बोलली, बायको नुसतं "हं" म्हणाली. चाकाकडे नाही तर कुठे जायचं, असं भुंग्याच्या मनात आलं. खोट चाकात होती, तर चाक नको बघायला?

शेवटी त्याने ठरवलं. पुढच्या चाकांचे ड्रम काढून टाकायचे आणि तिथे डिस्क ब्रेक बसवायचे. ड्रमचं सगळं काम डब्यात बंद, आतली उष्णता आतच कोंडून राहते. डिस्क वाऱ्यावर उघडी, दोन बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात, तापली तरी चटकन निवते. उतारावर दगा नाही. मग बघू कशी बसत नाही ती.

भंगाराच्या अड्ड्यावर गल्ल्याला एक जाडजूड बाई बसायची. तिच्या पायाशी मांजर आणि डोक्यावर घासलेल्या टायरांची चळत. एका ठोकर खाल्लेल्या व्हॅनचं पुढचं अंग तिने भुंग्याला दाखवलं.

"अख्खा सेट घेऊन जा, काका. डिस्क, कॅलिपर, होज आणि वरचा मास्टर सिलिंडर पण."

"मास्टर सिलिंडर माझा आहे. आत्ताच नवीन किट टाकून तयार केलाय. त्याला काय धाड भरलीय?"

"असू द्या की. एकाच घरातली माणसं एकत्र बरी राहतात."

"तुमच्या मांजराला विचारून सांगा," भुंगा म्हणाला. बाई खो खो हसली. विकायला बसलीय, सगळंच गळ्यात मारणार, असं मनात म्हणत त्याने पाइपात तेल ढकलणारा तो सिलिंडर सोडून बाकीचं उचललं.

पॅडची चिमटी म्हणजे कॅलिपर, तो धरायला जाड पत्र्याचे दोन ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतले. पहिली जोडी केसभर वाकडी निघाली, ती परत केली. दुसरीवर तो दिवसभर कानस घेऊन बसला. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणायचा आणि यायचा नाही. आला की ताटावर बसून बोटाने टेबलावर ब्रॅकेटचा आकार काढायचा. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, कशाला एवढी धडपड? आई बसने जातेय ना सुखाने?" त्यावर भुंगा म्हणाला, "तेच तर," आणि फोन बायकोकडे दिला.

सगळं बसवून झाल्यावर पाइपातली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून निपल उघडून बुडबुड्यांसकट तेल बाहेर काढायचं. शेजारी गावाला गेलेला. भुंगा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, आत गेला, फ्रिज उघडला, बंद केला.

"बोला," बायको म्हणाली.

"जरा पेडल दाबायला हवं होतं कुणीतरी."

तिने हात पुसले. शेडमध्ये आली, गाडीला एक फेरी मारली आणि स्टिअरिंगमागे बसली. "हे बसणं नव्हे हं. मी दाबायला आलेय."

"दाब," भुंगा खालून ओरडला. "धर... धर... सोड. अगं, मी सोड म्हटल्याशिवाय सोडू नकोस, हवा आत जाईल! दाब. धर."

"गळा कशाला काढताय? मी काय पलीकडच्या गल्लीत आहे?"

चाकामागून चाक झालं. बायकोचा पाय चुकत नव्हता. भुंग्याच्या ते लक्षात आलं, पण बोलायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने एकट्यानेच आसपासच्या गल्ल्यांतून गाडी फिरवली. ब्रेक असा लागायचा, की छातीवरचा पट्टा आवळून निघायचा. तो हवेतच परत आला. बायको शेडमध्ये कपडे वाळत घालत होती.

"वास कसला येतोय? इस्त्री कापडावर विसरल्यासारखा."

"नवीन पॅड आहेत. येणारच."

ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. नर्स घरी येऊन पट्टी सोडणार होती त्या सकाळी बायको तयार होऊन बाहेर आली. फाटकाकडे न जाता गाडीशी थांबली आणि दार उघडून आत बसली. पर्स मांडीवर, पर्सवर बसचा पास. "पायथ्याच्या थांब्यापर्यंत येते. पुढचं पुढे."

भुंग्याला बोलावंसं खूप वाटलं. त्याने उगाच दोनदा काच पुसली.

शहरातून बाहेर पडेपर्यंत त्याने प्रत्येक सिग्नलला तिला दाखवून ब्रेक लावला. "बघ. वाकडी जाते का? बघ." ती म्हणाली, "बघतेय. पुढे तुम्ही बघा." पण मोकळा रस्ता लागला तशी गाडी जड वाटू लागली. मागून कुणीतरी दोर बांधून ओढावं तशी. भुंग्याने गिअर उतरवला. पायथ्याचा थांबा दिसू लागला आणि त्याचबरोबर तो वास आला. आता तो इस्त्रीचा नव्हता, इस्त्रीखालचं कापड पेटल्याचा होता. त्याने गाडी कडेला घेतली. ब्रेकला पाय लावायचीही गरज पडली नाही. पेडलवरून पाय कधीचा उचललेला होता, आणि गाडी आपण होऊन थांबली.

आणि भुंग्याला एकदम कळलं.

मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक चेक वॉल्व्ह असतो, शर्टाच्या बटणाएवढा. पाय उचलला तरी पाइपातला थोडा दाब तो अडवून धरतो. ड्रमला तो लागतोच. तिथे ब्रेक मागे ओढायला दणकट स्प्रिंगा असतात, थोड्या दाबाला त्या भीक घालत नाहीत. डिस्कला स्प्रिंगच नाही. तेवढा दाबही पॅडला डिस्कवर टेकवून ठेवतो. घासत राहते, तापत राहते, तापली की अजून आवळते. डेपोत नव्या माणसाला भुंगा पहिल्या दिवशी सांगायचा, काहीही विसर, पण चेक वॉल्व्ह विसरू नकोस. तो स्वतः तर नाहीच विसरला. डिस्कसाठी सिलिंडर तयार करताना त्याने आठवणीने, पुसूनबिसून, नवाकोरा वॉल्व्ह घातला होता.

त्याने दार उघडलं. एक पाय रस्त्यावर टाकला. पुढच्या चाकातून निळसर धूर येत होता आणि त्याचं सगळं अंग तिकडे धावत होतं. शेजारी बायको पर्स घट्ट धरून समोर बघत होती. पास पर्सवरून घसरून तिच्या पायाशी पडला होता आणि तिने तो उचलला नव्हता. तिचे दोन्ही पाय गाडीच्या जमिनीत रुतल्यासारखे ताणलेले होते.

भुंगा अर्धा आत, अर्धा बाहेर तसाच थांबला. पोटरीत गोळा आला.

"लागलं का तुला कुठे?" त्याने विचारलं.

"गाडी थांबली नुसती. लागायला काय झालं?"

"आत्ता नाही. तेव्हा. वाळूत."

ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "गुडघ्याला लागलं होतं. कुंडीचं खापर घुसलं होतं. पुढच्या खेपेला ताईकडे जायच्या आधी दोनदा पट्टी बदलली मी, तुमच्या समोर बसून."

धूर वाढला.

"जा आता चाकाकडे," ती म्हणाली. "नाहीतर जीव जायचा तुमचा."

"माझीच चूक आहे," तो म्हणाला. उतार, लायनर, सामान यातलं काहीच या वेळी त्याच्या तोंडात आलं नाही. "वॉल्व्ह काढायचा होता, मी उलट नवीन घातला. भंगारवाली म्हणत होती, अख्खा सेट घ्या."

थांब्याशी बस आली. कंडक्टरने मान बाहेर काढून धुराकडे बघितलं.

"जा तू," भुंगा म्हणाला. "पट्टी सुटायची आहे. मी करतो हे. निवायलाच वेळ जाईल."

बायकोने वाकून पास उचलला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "हवा काढायला दुसरं माणूस लागतं ना?" तिने ताईला फोन लावला. "ताई, उशीर होतोय. नाही गं, बसने नाही. सांगते आल्यावर. नर्सला थांबव जरा, मी आल्याशिवाय डोळा उघडू नकोस."

बस निघून गेली. चाकं निवेपर्यंत दोघं उघड्या दारांशी बसून राहिली. भुंगा सारखा उठून चाकाजवळ हात नेत होता आणि ती सारखी म्हणत होती, "बसा." मग त्याने बॉनेट उघडलं, डिकीतला पान्यांचा डबा आणि ब्रेकच्या तेलाची बाटली काढली, पाइपाचा नट सोडवला आणि चिमट्याने वॉल्व्ह बाहेर ओढला. मागच्या ड्रमसाठी मागच्या पाइपात वेगळा बसवावा लागेल, ते घरी गेल्यावर. तळहातावर ठेवून त्याने तो तिला दाखवला.

"एवढासा?" ती म्हणाली आणि स्टिअरिंगमागे सरकली.

"दाब," भुंगा चाकाशी बसून म्हणाला. "धर. सोड." आवाज चढला नाही. पुढच्या फेरीला ती आधीच म्हणू लागली, "दाबलं. धरलंय. सोडू?" आणि तो खालून नुसता "हं" म्हणायला लागला. शेवटी जॅकवरचं चाक त्याने हाताने फिरवून बघितलं. ते गरगरत राहिलं, किती वेळ थांबेचना.

पाने डब्यात टाकून, हात पुसून तो दाराशी आला. बायको स्टिअरिंगमागून हलली नव्हती. सीट पुढे ओढून घेत होती.

"वर चढ आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. आठवड्याला चढते मी."

"बसमधून."

"बसा."

भुंगा पलीकडून जाऊन शेजारी बसला. पट्टा लावला, ओढून बघितला. तिने गिअर टाकताना एक करकर झाली, त्याचा हात उचलला गेला आणि मांडीवर परत आला. गाडी हलकी निघाली. पहिलं वळण आलं, ती वेगात जातेय असं त्याला वाटलं. मग दुसरं आलं. त्याचा उजवा पाय पुढे गेला आणि त्याने गाडीची रिकामी जमीन जोरात दाबली.

"तिथे काही नाहीये," बायको रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली.

"माहीत आहे," भुंगा म्हणाला आणि पुढच्या वळणाला पुन्हा दाबली.