आत काय राहणार?

रसायन विभागाच्या तळघरात, जिन्याखालून वाकून जावं लागे अशा एका खोलीत, एक गृहस्थ अठ्ठावीस वर्षं काच फुंकत होते. त्यांचं नाव फक्त पगारपत्रकावर असे. बाकी सारं विद्यापीठ त्यांना पाठीमागे 'फुंकर' म्हणायचं आणि समोर 'काका'. मी शेजारच्या भांडारात कारकून होतो. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत, आणि त्यांच्या ज्योतीमुळे ती दुपारपर्यंत कोमट झालेली असे. थंडीच्या दिवसांत मी माझी खुर्ची त्या भिंतीला टेकवून घेई.

बाजारात न मिळणारं काचेचं भांडं कुणाला हवं असलं की तो काकांकडे येई. काकांची रीत ठरलेली होती. शाळेतला एक जुना फळा त्यांनी चार पायांवर आडवा टाकून त्याचं टेबल केलं होतं. येणाऱ्याने त्यावर स्वतःच्या हाताने, खडूने, हव्या त्या भांड्याचं चित्र काढायचं. कुणी छापील आराखडा पुढे केला तर काका तो अदबीने घडी करून परत देत. "हे राहू द्या. हाताने काढा. काढता काढता तुमचं तुम्हालाच कळेल काय हवंय ते."

चित्र काढून झालं की ते एकच प्रश्न विचारत. "आत काय राहणार?"

उत्तर ते एका वहीत लिहून घेत. किती लांबी, किती जाडी हे फळ्यावरच राही आणि पुसलं जाई. वहीत फक्त तारीख, भांड्याचं छोटं चित्र आणि आत काय राहणार ते. अशा सात वह्या झाल्या होत्या. दुपारी मला काम नसे तेव्हा मी त्या वाचत बसे. एका पानावर मुंग्यांचा वास. त्याखाली, दगडाच्या पोटात लाखो वर्षं अडकून पडलेलं थेंबभर पाणी. मग भाषाशास्त्रवाल्या एका बाईंचं उत्तर: एकच अक्षर उच्चारताना माणसाच्या तोंडातून निघते तेवढी हवा. इतिहासवाल्यांना एका जुन्या दिव्याची काजळी ठेवायची होती. इतिहासाला काच लागते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पदार्थविज्ञानाचा एक किडकिडीत संशोधक आला होता तो दिवस मला आठवतो. त्याने फळ्यावर एक लांबट फुगा काढला.

"आत काय राहणार?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, काका. हवासुद्धा नाही. काढता येईल तेवढं सगळं काढून टाकायचं."

"आणि मग बघायचं काय?"

"उरतं काय, ते."

काकांनी वहीत 'काही नाही' असं लिहून घेतलं. त्या रात्री घरी जेवताना त्यांनी काकूंना सांगितलं की आज एकाने रिकामेपण ठेवायला भांडं मागितलंय. काकू म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आमचा पिठाचा डबा घेऊन जा. महिनाअखेरीला तयारच असतो."

गणिताच्या प्राध्यापकांनी तर एक अशी बाटली काढून दाखवली की जिची मान वळून स्वतःच्याच पोटात शिरत होती. आत काय राहणार म्हटल्यावर ते म्हणाले, "हिला आत असं नाहीच. तुम्ही आत म्हणाल तेच बाहेर."

काकांनी डोकं खाजवलं. "मग सांडलं तर पुसायचं कुठून?"

प्राध्यापक हसता हसता खाली बसले आणि हा प्रश्न वर्गात विचारायची त्यांनी रीतसर परवानगी मागितली. काकांना हसू आलं नव्हतं. ते दोन आठवडे त्या बाटलीच्या मागे लागले होते, आणि ती झाल्यावर तिच्या काचेवरून बोट फिरवत राहिले. आतून बाहेर, बाहेरून आत, कुठेही कड न लागता.

तयार भांडं ते शिपायाकरवी कधी पाठवत नसत. स्वतः छातीशी धरून घेऊन जात. कधी कधी मीही सोबत जाई. आम्ही लांबलचक बोळांतून चालत असू आणि दोन्ही बाजूंना दारं. एका दारामागे एक बाई अकरा वर्षं मासे झोपतात कसे हे बघत होत्या. पुढच्या दारामागे कुणी वाळूचे कण एकेक करून मोजत होतं. "बघ," काका हळू आवाजात म्हणत, जसं काही आम्ही कुणाच्या झोपेच्या खोलीतून चाललो होतो, "एवढ्या खिडक्या. प्रत्येक खिडकीत एकेक माणूस. आणि प्रत्येकजण एकाच कशाकडे तरी बघत बसलाय. आपल्याला हे कळणार नाही, पण हे चाललंय." चौथी शिकलेला माणूस. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसे त्याला मी भीतीच म्हटलं असतं, पण भ्यालेला माणूस इतका हळू चालत नाही.

मग वनस्पतीशास्त्राच्या मॅडम आल्या. फळ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"काका, गोळ्याला चीर गेलीय."

गोळा म्हणजे कोणता, हे सगळ्या विद्यापीठाला माहीत होतं. कलिंगडाएवढा काचेचा गोळा. त्यात मूठभर माती, ओंजळभर पाणी, शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे काही जीव. मॅडमच्या सरांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो भरला आणि बाजूची नळी वितळवून कायमचा बंद केला. तेव्हापासून आत बाहेरची हवा गेली नव्हती आणि आतली बाहेर आली नव्हती. शेवाळ आपली हवा आपणच करत होतं. असं बंद जग किती काळ जगतं, एवढाच प्रश्न होता. सर गेले, मॅडमनी तो पुढे चालवला. हवा आत शिरली तर तो प्रश्न तिथेच संपणार होता.

काका गोळ्यापुढे गेले. नळीच्या मुळाशी नखाएवढी चीर होती, पण आरपार गेलेली नव्हती. त्यांनी खिशातून दोन काळसर पट्ट्या काढल्या. त्यांच्यामध्ये काच धरली की तिच्यात कोंडलेला ताण रंगांत दिसतो. गोळा सगळा काळा, म्हणजे ताण नसलेला, दिसला. नळीच्या जोडापाशी मात्र पिवळ्या-जांभळ्या रेघांचं कडं होतं.

काका खोलीत परत आले, कपाटाच्या तळातून धूळ खाल्लेल्या नळ्यांचं एक बंडल काढलं. त्यातली एक नळी आणि नेहमीच्या काचेची एक कांडी त्यांनी शेजारी शेजारी धरून वितळवली, आणि ओढून तिचा केसासारखा धागा काढला. दोन्ही काचा एका जातीच्या असतील तर धागा सरळ राहतो. निवताना एक जास्त आकसत असेल तर तो वाकतो.

धागा वाकला. जरासाच.

हे बंडल त्यांच्या आधीच्या कारागिराने मागे ठेवलं होतं, आणि गोळ्याची नळी त्यातलीच होती. काकांनी तो गोळा बनवला तेव्हा त्यांच्या नोकरीला दुसराच महिना होता. त्या दिवशी त्यांनी धागा ओढून पाहिला नव्हता. फरक मोठा असता तर जोड लगेच तडकला असता. फरक थोडा होता म्हणून तो अठ्ठावीस वर्षं ताण गिळून गप्प बसला.

काच जुनी झाली, असं ते म्हणू शकले असते. कुणाला काय कळणार होतं? मी तसं म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्या भांडारात निघून गेलो. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

"मॅडम, हा धागा बघा. चूक माझी आहे. नळी दुसऱ्या काचेची लावली मी."

 मग मॅडम म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं, काका!" त्यांचा आवाज फाटला होता. नाक ओढल्याचं ऐकू आलं. "ज्योतीने सांधता नाही येणार?"

"ज्योत लावली तर आतलं शेवाळ शिजेल. आणि चीर पळेल."

"मग किती दिवस आहेत आपल्याकडे?"

ते त्यांना शाईवरून समजलं. चिरेच्या टोकाशी मॅडमनी एक ठिपका दिला. दुसऱ्या सकाळी चीर ठिपक्यापासून तांदळाएवढी पुढे होती.

काकांनी ठरवलं की चीर सांधायची नाही, तिला घर द्यायचं. चीर आणि नळी दोन्ही झाकेल अशी काचेची टोपी करायची आणि ती थंडपणीच गोळ्याला चिकटवायची. चीर आरपार गेलीच तर गोळा बाहेरच्या हवेत नाही, टोपीत उघडेल. त्यासाठी ते आयुष्यात पहिल्यांदा दारोदार मागायला निघाले. थंडपणी दगडासारखी होणारी आणि हवा न सोडणारी राळ त्या किडकिडीत पदार्थविज्ञानवाल्याने दिली. टोपीत बाहेरची हवा राहून चालणार नव्हती, म्हणून रसायनवाल्यांनी शुद्ध नत्रवायूची पिशवी भरून दिली. गोळ्याच्या पोटावर टोपीची कडा तंतोतंत कशी बसेल याचं चित्र गणिताच्या प्राध्यापकांनी येऊन फळ्यावर काढलं, आणि काकांनी ते पुसून स्वतः पुन्हा काढलं. मासेवाल्या बाईंनी काहीच दिलं नाही. त्या नुसत्या येऊन बसल्या. कशाकडे तरी नुसतं बघत बसण्याची त्यांच्याइतकी सवय दुसऱ्या कुणाला नव्हती.

पहिली टोपी मनासारखी झाली नाही म्हणून काकांनी स्वतःच फोडली. दुसरीची कडा केसभर उचलली जात होती. तिसरीच्या वेळी त्यांनी प्रत्येक नळीचा धागा ओढून पाहिला. सगळे धागे सरळ. टोपीला त्यांनी हातभर लांब दोन बारीक नळ्या ठेवल्या होत्या. टोपी चिकटवून राळ घट्ट झाल्यावर एकीतून वायू आत सोडला, दुसरीतून हवा बाहेर काढली, आणि दोन्ही नळ्यांची टोकं गोळ्यापासून दूर ज्योतीने मिटवली. चीर तोवर ठिपक्यापासून बोटभर गेली होती.

"आता?" मॅडमनी विचारलं.

"आता चिरेची मर्जी," काका म्हणाले.

"आणि तुमच्या नोंदीत लिहा," ते जाता जाता म्हणाले. "जोड चुकीच्या काचेचा होता. माझ्या हातचा."

मॅडमनी ते लिहिलं. मी बघितलं. सरांच्या बारीक अक्षरांनी सुरू झालेल्या त्या जाड नोंदींत काकांची चूक तारखेसकट जाऊन बसली.

चौथ्या दिवशी सकाळी मी आणि काका गोळ्यापाशी उभे होतो. काकांनी सोबत पहिली वही आणली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या पानावर गोळ्याचं चित्र होतं, आणि आत काय राहणार याच्यापुढे सरांच्या स्वतःच्या हाताने दोनच शब्द लिहिलेले: 'बघू या.'

टक् असा आवाज झाला. नख काचेवर वाजावं तसा. चीर आरपार गेली होती.

मॅडम टेबलाची कड धरून उभ्या होत्या. कुणीच हललं नाही. टोपी कोरडी, लख्ख, रिकामी. एक मिनिट गेलं असेल किंवा दहा. मग टोपीच्या आतल्या बाजूला, अगदी वरच्या टोकाला, किंचित धुरकट झालं. ते पसरलं. त्यात बारीक ठिपके दिसू लागले. अठ्ठावीस वर्षं कुणीही न घेतलेली हवा, तिचा ओलावा, हळूहळू काकांच्या काचेला येऊन लागत होता. बाहेर काही गेलं नव्हतं. जग होतं तसंच बंद होतं, फक्त अंगठ्याएवढं वाढलं होतं.

मॅडम हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. त्यांनी काकांच्या हातातली वही घेतली.

"काका, टोपीचं लिहायचं राहिलंय. आत काय राहणार?"

"राहायला आलंसुद्धा," काका म्हणाले. "आता विचारून काय उपयोग?"

ते वाकून अगदी जवळून बघत होते. एक ठिपका दुसऱ्याला मिळाला, जड झाला, आणि काचेवरून खाली सरकू लागला. बाहेरून आपल्या तोंडाची वाफ काचेवर धरू नये म्हणून त्यांनी तोंडावर हात ठेवला होता, आणि थेंब खाली पोचेपर्यंत श्वास घेतला नाही.