वलीचा जपान

माझ्या भावाने, वलीने, उभ्या आयुष्यात जपान पाहिलेला नाही. तरी खेडजवळच्या आमच्या गावात त्याला सगळे जपानवाला वली म्हणतात. या नावापायी काय झालं, ते सांगते.

वली तरुणपणी पत्र्याच्या ट्रंका रंगवायचा. काळं, दाट, डांबराच्या वासाचं रोगण, डब्यावर छापलेलं ‘ब्लॅक जपान’. आमच्याकडे ट्रंकेला जपान मारला असंच म्हणतात. देशाचं नाव रंगाला कसं चिकटलं ते पुढे त्याच्या मुलीने, शफाने सांगितलं. जपानची लाखेची काळी चकचकीत भांडी एके काळी इतकी गाजली, की गोऱ्यांनी त्यांची नक्कल करायला रोगण काढलं आणि त्यालाच जपान म्हणायला लागले. वली खूश होऊन म्हणाला, म्हणजे मी नकली जपानी. तेव्हा आम्ही हसलो होतो.

इथे कतारमध्येही तो तेच करतो. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी रेलिंगं, टेबलांचे पाय, गेटं काळी करतो. नखांच्या कडा कायम काळ्या. शफाची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून पोरगी माझ्याकडे, दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये वाढली. दर शुक्रवारी वली एशियन टाउनच्या बाजारातून तिच्यासाठी काहीतरी घेऊन यायचा आणि स्वतःच्या हाताने तिला भरवायचा. आता ती एका क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते, तरी भरवायचा. मी ओरडायचे, घोडी झाली आता ती. ऐकतो कोण?

तर शफाला स्थळ आलं. मुलगा मुदस्सिर, इंजिनिअर, घराणं रायगडचं, राहायला द पर्लवर, श्रीमंतांच्या बेटावर. मुलगा शफाला आवडला होता, तिचं मन बसलं होतं, म्हणून माझीही हरकत नव्हती. मुदस्सिरच्या आईने, मुनीराबाईने, आमच्या गावात चौकशी केली. गावकऱ्यांनी सांगितलं, वली ना, तो जपानवाला. झालं! बाईच्या डोक्यात जपानी कंपनी, जपानी बॉस, जपानी पगार.

माझ्याकडे आल्या तेव्हा मी तांदळाची गोड सांदणं वाफवली होती. वलीनेच ताटली पुढे केली. बाई खात खात विचारायला लागल्या, कंपनीचं नाव काय, टोकियोला जावं लागतं का. वलीला आधी कळेना. मग कळलं तसा तो मोकळेपणाने हसला आणि जपान म्हणजे काळा रंग हे समजावून सांगू लागला. बाईंची नजर त्याच्या नखांवर गेली. तोंडातला घास तोंडातच राहिला. त्या गेल्यावर सोफा आवरताना उशीमागे टिश्यूचा बोळा सापडला. आत अर्धवट चावलेलं सांदण, थुंकीने ओलं. तोबा! माझ्या घरात बसून, माझ्या भावाने पुढे केलेलं थुंकून टाकलंन. मी तो बोळा चिमटीत धरून कचऱ्यात टाकला आणि हात तीनदा धुतले.

मला वाटलं, खलास, सुटलो. पण मुलगा अडून बसला म्हणे. दोन दिवसांनी बाईंनी वलीला फोन केला. मंगणीला त्यांचे प्रतिष्ठित पाहुणे येणार, तेव्हा एवढंच करायचं, जपानी कंपनीत आहे म्हणायचं. आणि हात जरा नीट करून यायचं. वली कबूल झाला. वर मला शपथ घातली, शफाला यातलं काही सांगायचं नाही.

मी त्याला नको नको ते बोलले. लाज विकलीस का, म्हटलं. तो खाली मान घालून टर्पेंटाइनने बोटं घासत राहिला. कातडी सोलून लाल झाली, नखांच्या कडा मात्र तशाच. त्याचीही किळस आली मला त्या वेळी. सख्ख्या भावाची.

मंगणी त्यांच्याच घरी झाली. अत्तर, झुंबर, पांढरे गालिचे. अंगठी घालून झाली आणि मुनीराबाई वलीला पाहुण्यांसमोर घेऊन फिरायला लागल्या. हे जपानी कंपनीत आहेत. एका म्हाताऱ्या पाहुण्याने कौतुकाने विचारलं, कसा आहे हो देश? वलीला घाम फुटला. इकडेतिकडे बघून तो म्हणाला, “चकचकीत आहे. पण वाळायला वेळ लागतो.”

पाहुणा हसला, त्याला विनोद वाटला. शफा हसली नाही. तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान फिरवली, शपथ होती ना.

मग तोंड गोड करायची वेळ आली. वलीने बर्फीचा तुकडा उचलला आणि मुदस्सिरसमोर धरला. बाई चमचा घेऊन पुढे आल्या, पण उशीर झाला होता. मुदस्सिरने घास घेतला. मी म्हटलं, चला, पोरगा तरी बरा निघाला. वलीचा चेहरा असा काही फुलला की माझा रागच गेला.

तेवढ्यात मुदस्सिर मान वळवून खोकल्यासारखं करत टिश्यू तोंडाशी नेताना दिसला. टिश्यू खाली आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती. त्याच्या शेजारी बसलेल्या शफाने ते पाहिलं. तिने त्याची मूठ धरली आणि एकेक बोट सोडवलं. बोळा उघडला. आत अख्खी बर्फी, फक्त ओली झालेली.

“वास येत होता,” तो पुटपुटला. “सॉरी, मला सहनच होईना.”

शफाने अंगठी काढली, बर्फीशेजारी ठेवली आणि टिश्यू नीट गुंडाळून त्याच्या हातात दिला.

“हीपण थुंकून टाका,” ती म्हणाली. “अब्बा, चला.”

मुनीराबाई मागून बोलत होत्या, एवढ्याशा गोष्टीचं काय, मुलाचं पोट नाजूक आहे. नाजूक! मी तोंड उघडलं असतं तर तो गालिचा घाण झाला असता.

गाडीत वली रडत होता. माझ्यामुळे झालं, माझ्या हातामुळे झालं, एवढंच म्हणत होता. शफाही रडत होती, पण मागे वळायला तयार नव्हती. रडता रडता तिने पर्समधून बर्फीचा एक तुकडा काढला, निघताना ताटातून उचललेला. तो बापाच्या हातात ठेवला आणि तोंड पुढे केलं.

वलीने तो तिच्या तोंडाशी नेला. टर्पेंटाइनचा वास पुढच्या सीटवर मलासुद्धा येत होता, खोटं कशाला बोलू? शफाने घास घेतला, चावला आणि गिळला.