आबांच्या वाट्याचं पाणी

माझ्या सासऱ्यांना मी एकदा पाणीचोर ठरवलं होतं. शब्द अगदी तोच वापरला नव्हता, पण म्हणायचं तेच होतं. सावद्याचं आमचं घर, वैशाखातली दुपार, आणि मी माठाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी. समोर खाटेवर सत्तरीच्या पुढचा माणूस, पाय सुजलेले, ओठांना भेगा पडलेल्या. मी विचारलं, "आबा, खरं सांगा, माझी पाठ वळली की पाणी पिता ना?"

"नही वं पोरी," ते म्हणाले.

मी विश्वास ठेवला नाही. ज्या माणसाच्या शब्दावर गावातले बांधाचे तंटे मिटायचे, त्याच्या शब्दावर त्याच्याच सुनेनं विश्वास ठेवला नाही.

आबांच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. डायलिसिस म्हणजे तेव्हा आमच्या लेखी मुंबई, आणि आबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मुंबईले जाऊन मरन्यापेक्षा घरी जगतो." मग जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पाण्याचा हिशेब घालून दिला. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली असेल, तेवढं पाणी आणि वर दोन पेले. बस. मीठ अगदी नावाला. ते मला म्हणाले, "वहिनी, पाणी म्हणजे नुसतं माठातलं नाही हं. चहा, ताक, कढी, पातळ वरण, सगळं त्यातच धरायचं. आणि रोज सकाळी वजन करा. एका दिवसात किलोभर वाढलं, तर ते अंगाला लागलेलं नसतं. ते साठलेलं पाणी असतं, आणि ते फुफ्फुसात चढतं."

लघवी मोजायचं काम माझ्या नवऱ्याकडे, कारण सुनेनं ते पाहावं हे आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पाण्याचं काम माझ्याकडे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आबांचं करायला घरात तिसरं माणूस नव्हतं. मी सकाळी दिवसभराचं पाणी एका कळशीत काढून ठेवायची आणि त्यातूनच त्यांचा चहा, त्यांचं वरण, त्यांच्या गोळ्यांचे घोट. लिंबाची फोड चोखायला द्यायची, चूळ भरायला द्यायची. चूळ भरली की ती थुंकली का, हेही बघायची. त्या बघण्याची आज लाज वाटते. ते खाली मान घालून चूळ टाकायचे आणि मग एकदा माझ्याकडे बघायचे.

वजनाचा काटा घरात कुठून असणार? पण केळीवाल्यांच्या गावात काट्याला काय तोटा. आमच्याच शेडमध्ये केळीचे घड मोजायचा मोठा काटा होता. माझा नवरा रोज सकाळी माल चढायच्या आधी आबांना हात धरून तिथं नेई आणि काट्यावर उभं करी. घड मोजताना व्यापारी दांड्याचं म्हणून वजन कापतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आबा काट्यावर उभे राहिले की स्वतःच्या काडीसारख्या हातांकडे बघत म्हणायचे, "दांड्याचं वजन काप रे भो." मजूर हसायचे. पहिले काही दिवस मीही हसले.

पण काटा चढायला लागला. एक दिवस थोडा, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. घोट्याजवळ अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. माझ्या कळशीतून तर एक थेंब जास्त जात नव्हता. मग पाणी येतं कुठून? मी जातीची संशयी, त्यात धुळ्याची. माहेरची अहिराणी माझ्या जिभेवर फक्त राग आला की यायची. मी माठ उचलून स्वयंपाकघरात नेला, दाराला बाहेरून कडी घातली आणि आबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बठ्ठा दिननं पानी इतलंच शे! आते बघू तू कोठून पिस ते!"

सासऱ्याला एकेरी. माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिनं मला धुळ्यापर्यंत चालत नेलं असतं. आबा नुसते म्हणाले, "धुयाचं ऊन सावद्यात आलं," आणि भिंतीकडे वळले.

त्याच आठवड्यात संध्याकाळी त्यांचा श्वास अडकला. झोपता येईना, बसता येईना, छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घालून निघालो. मी मागं बसून त्यांची पाठ चोळत होते. जळगावच्या अलीकडे नशिराबाद आलं तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. जळगावला इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला, लघवी मोकळी झाली आणि हळूहळू श्वास खाली बसला.

डॉक्टरांनी विचारलं, "किती पाणी पितात?"

मी आबांच्यादेखत, नर्सच्या आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसांच्यादेखत म्हणाले, "मी मोजूनच देते. पण हे चोरून पितात."

डॉक्टर आबांकडे वळून रागावले, लहान मुलाला रागवावं तसे. आबांनी ऐकून घेतलं. नाकात नळी असल्यामुळे बोलत नसतील, असं मी धरून चालले.

खरं काय ते घरी परतल्यावर कळलं, तेही अचानक. आबांचा दारापुढचा ओटा म्हणजे संध्याकाळी भरलेला असायचाच, त्यात दवाखान्यातून आलेल्या माणसाला भेटायला येणारे वेगळे. आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर आमच्याकडे वैर धरल्यासारखं असतं, आणि आलेल्याला चहा पाजला नाही तर घराचं नाक कापल्यासारखं. मी चहा पाठवायची, पण पाहुण्यांपुरताच. आबांचा कप त्यात कधीच नसे. कप मोजून जात, मोजून येत, म्हणून मी निश्चिंत होते. त्या दिवशी दूध उतू गेलं म्हणून फडकं शोधत मी नेहमीपेक्षा लवकर ओट्याच्या दारात आले.

एका पाहुण्यानं आपल्या कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी आबांच्या हातात दिली. "घ्या आबा, घोटभर." आबांनी बशी तोंडाला लावली, रिकामी करून परत दिली. मग पलीकडच्यानं आपली बशी पुढं केली. मग त्याच्या शेजारच्यानं. घरधन्यासमोर एकट्यानं चहा प्यायचा, तोही ज्याच्या तोंडाला कोरड पडलीय त्याच्यासमोर, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण तर एकच घोट दिला. आणि तो घोट प्रेमाचा होता, त्यात वाद नाही.

मी तिथंच भिंतीला टेकले. सगळे गेल्यावर विचारलं, "आबा, हे तुम्ही मला सांगितलं का नाही? डॉक्टरांसमोर तरी सांगायचं."

ते म्हणाले, "काय सांगू? लोकाह्यनं मले मारलं, असं सांगू? मी नही म्हनलं तं त्याह्यच्या नरड्याखाली घोट उतरत नही."

म्हणजे पाहुण्यांवर बोल येऊ नये म्हणून या माणसानं सुनेकडून चोर म्हणवून घेतलं होतं. त्या क्षणी मी त्यांचे पाय धरायला हवे होते. नाही धरले. मला शरम वाटली, आणि माझ्या शरमेला रागाचंच सोंग घ्यायची सवय. तो राग मी पाहुण्यांवर काढला.

चहाशिवाय पाहुणा बसवणं शक्य नव्हतं, मग पाहुणाच नको, असा माझा हिशेब. नवरा दिवसभर शेतात आणि शेडमध्ये. दारात मी. कुणी पायरीवर पाऊल ठेवलं की मी हळू आवाजात म्हणायची, "आबा आत्ताच झोपलेत." दुसऱ्यांदा आला तर, "औषधाची गुंगी आहे." तिसऱ्यांदा यायची वेळ कुणी आणली नाही. गावाला तेवढं कळतं. महिन्याभरात ओटा असा रिकामा झाला की कुत्रं येऊन झोपायला लागलं.

आणि काटा स्थिर झाला. सूज उतरली, आबांना आडवं होऊन झोप लागू लागली. पुढच्या खेपेला डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पेशंट एवढा सांभाळलेला मी कमी पाहिलाय. श्रेय वहिनींना." मी पदर सावरून उभी होते आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, येताना एसटीत खिडकीशी बसून मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हापुन्हा ऐकत होते.

आबा मात्र बोलेनासे झाले. काट्यावरची थट्टाही थांबली. रेडिओ उशाशी असायचा, पण लावायचे नाहीत. संध्याकाळ झाली की विचारायचे, "कोनी आलं व्हतं का?" मी म्हणायची, "नाही." पहिल्यांदा ते खोटं होतं, पुढं खरंच झालं. नवरा एकदा म्हणाला, "येऊ दे ना एखाद्याला. त्यांचं माणसांवाचून चालत नाही." मी म्हणाले, "मग पुढच्या वेळी श्वास अडकला की तुम्हीच पाठ चोळा." बिनतोड उत्तर दिल्याचं समाधान मला दुसऱ्या दिवसापर्यंत पुरलं.

मग फैजपूरचे नाना आले. आबांचे लहानपणचे सोबती. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. पांढरी टोपी, हातात काठी, दुपारच्या एसटीनं आलेले. स्टँडपासून उन्हात चालून त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते दाराशी थांबून खोकत होते.

मी नेहमीचं म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय."

"लागू दे. मी बसतो ओट्यावर. उठला का भेटतो."

बसले असते तर पाणी आलं असतं, पाण्यामागून चहा, चहामागून बशी. मी म्हणाले, "नाना, डॉक्टरांनी भेटायची मनाईच केलीय." डॉक्टरांनी असं कधीच म्हटलं नव्हतं.

नानांनी आत एकवार नजर टाकली. "बरं माय," म्हणाले. थोडा वेळ उभे राहिले, पाण्याचं कुणी विचारील म्हणून असेल, किंवा दम खायला असेल. आमच्या खान्देशात उन्हातून आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी देतात, मग भांडतात. मी तांब्याला हात लावला नाही. भांडं वाजलं तर आबांना कळेल, अशी मला भीती होती. नाना काठी टेकत परत उन्हात गेले. पुन्हा ते आमच्या दारी आले ते आबांना खांदा द्यायला, पावसाळा संपता संपता. तेव्हाही ते माझ्याशी नीट बोलले, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

पण मी त्या दुपारबद्दल सांगत होते. मी आत गेले तर आबा उठून बसले होते. दोन्ही हात खाटेच्या कडेवर, कान दाराकडे. तो खोकला त्यांनी साठ वर्षं ऐकलेला होता.

"नाना व्हता ना?"

"हो. घाईत होते, गाडी होती म्हणाले."

आबा रागावतील, असं मला वाटलं. रागावावं, असंही वाटलं. माझ्यासारखीवर कुणी तोंड सोडलं की निदान हिशेब फिटतो.

ते म्हणाले, "त्याले पानी तं देलं ना?"

"दिलं," मी म्हणाले.

"बरं केलं. ऊन लय हाये."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या वाट्याचा शेवटचा पेला घेऊन गेले. एरवी या पेल्याची ते दुपारपासून वाट बघायचे. जिभेवर घोळवून, एकेक घोट पुरवून प्यायचे. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, खाटेखाली ठेवला आणि म्हणाले, "राहू दे आज." मी म्हटलं, तुमच्याच वाट्याचा आहे, हक्काचा आहे. सकाळी झाडायला वाकले तेव्हा पेला भरलेला तसाच होता. मी तो मोरीत ओतत होते, तेवढ्यात शेडमधून नवऱ्यानं आनंदानं ओरडून सांगितलं, की आज आबांचं वजन अर्ध्या किलोनं उतरलंय.