दोन जावा आणि अंगठ्याचं मशीन

जी वस्तू तुम्ही स्वतःच्या हातानं जगवलीत, तिच्या पूजेचं ताट दुसऱ्याच्या हातात दिलं, तर तुमच्या पोटात दुखतं की नाही? मोठेपणा बाजूला ठेवा आणि खरं सांगा. शिवलीलाच्या दुखलं. चांगलंच दुखलं.

तिच्या घरातला कॉम्प्युटर सात रस्ता चौकातल्या एका बंद पडलेल्या नेट कॅफेतनं आलेला. आणला तेव्हा नुसता बीप बीप ओरडायचा, स्क्रीनवर अंधार. शिवलीला दहावी नापास. पण पठ्ठीनं मोबाइलवर व्हिडिओ बघत डबा उघडला, आतली रॅमची पट्टी काढली, तिची पिवळी टोकं पोराच्या खोडरबरानं घासली आणि मशीन चालू केलं. तेव्हापासून गल्लीतल्या विडी कामगार म्हाताऱ्यांचे पेन्शनसाठीचे हयातीचे दाखले अंगठ्याचा ठसा घेऊन तिच्याच दारात निघायचे. नोव्हेंबर आला की ‘शिवलीलाक्का, शिवलीलाक्का’ करत उंबऱ्यापाशी चपलांचा ढीग पडायचा. त्या ढिगाकडं बघून तिची मान ताठ व्हायची. का होऊ नये?

यंदा धाकटी जाऊ घरात आली. सिद्धेश्वरी. अक्कलकोटची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. खंडेनवमीला सासूनं, सुंदरम्मानं, घरातली सगळी यंत्रं पुजायला घेतली. शिलाई मशीन झालं, मोटरसायकल झाली. कॉम्प्युटरची पाळी आली तसं तिनं ताट सिद्धेश्वरीच्या हातात ठेवलं.

“धाकटीला करू दे. तिची विद्याच हाय की ती.”

शिवलीला भिंतीला टेकून बघत राहिली. धाकटीनं विभूती पाण्यात कालवली आणि डब्याच्या तोंडावर तीन बोटं अशा भक्तीनं ओढली की मधलं बोट थेट पुढच्या यूएसबीच्या भोकावरनं गेलं. ओली विभूती आत शिरली. शिवलीलानं ते बघितलं. बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जाऊ दे आत. विद्या हाय की तिची.

नोव्हेंबर उजाडला. अंगठ्याचं मशीन वर्षातनं एकदाच कपाटाबाहेर निघतं, तसं ते निघालं. दाराशी बायका जमल्या. खुर्चीवर सुंदरम्मानं धाकटीला बसवलं. समोर मल्लव्वा, सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. पेन्शनवरच तिची चूल पेटते.

सिद्धेश्वरीनं मशीनची वायर पुढच्या भोकात खोचली. स्क्रीनवर आलं, हे उपकरण ओळखता येत नाही. उपकरणांची यादी उघडली, तर मशीनच्या नावापुढं पिवळा त्रिकोण.

“ड्रायव्हर गेलाय,” ती म्हणाली. मशीन चालवणारा तो प्रोग्राम काढला, परत टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्रिकोण जागचा हलेना. बायका चुळबुळ करायला लागल्या. शिवलीला स्वयंपाकघराच्या दारात शेंगा फोडत बसली होती. एकेक शेंग कशी गोड लागत होती म्हणून सांगू!

“अक्का, जरा बघता का?” सिद्धेश्वरीच्या कपाळावर घाम आला होता.

“मला काय कळतंय गं? मी दहावी नापास.”

तेवढ्यात मल्लव्वाच उठली. “पोरी, तुझी काय चूक न्हाय. माझा अंगठाच गेलाय. जलमभर तंबाखूत बोटं घातली, रेघा कुटनं ऱ्हातील?”

“मल्लव्वा, मशीननं तुला मेली म्हणून सांगितलं बघ,” दारातनं एकजण म्हणाली. “विड्या वळायचं सूप मला देऊन जा!”

बायका हसल्या. मल्लव्वाही हसली आणि मोरीत जाऊन विटकरीच्या तुकड्यानं अंगठा घासायला लागली. खसाखसा, भांडं घासावं तसा. रेघा वर येतील म्हणून.

शिवलीला मोरीजवळच बसली होती. पाण्यात तांबडी धार आली ती तिलाच आधी दिसली. हातातली शेंग गळून पडली. राग होता जावेवर, आणि कातडं सोललं जात होतं या म्हातारीचं!

“अव्वा, टाक ती विटकर! तुझ्या अंगठ्याला काय झालं न्हाय!”

तिनं मल्लव्वाला धरून बाहेर आणलं, डबा खसकन पुढं ओढला, मागच्या भोकातली प्रिंटरची वायर उपटली आणि तिथं अंगठ्याचं मशीन खोचलं. टिंग वाजलं. त्रिकोण गेला. मल्लव्वाचा दुसरा अंगठा ठेवला, ठसा लागला, प्रिंटरची वायर परत खोचली आणि दाखला निघाला.

सिद्धेश्वरी वाकून पुढच्या भोकात बघत होती. आत वाळलेली पांढरी खपली.

“अक्का, हे तुम्हाला माहीत होतं?”

“खंडेनवमीपासनं.”

“मग मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?”

“ताट कुणाच्या हातात दिलं होतं ते आठव.”

सुंदरम्मानं मान खाली घातली. मल्लव्वाला यातलं काही उमगलं नाही. तिनं दाखला पदरात बांधला, सिद्धेश्वरीच्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “धाकटी लई गुणाची हाय. आली आन् माझं काम झालं!”

शिवलीलाच्या पोटात परत कळ उठली. तरी त्या दुपारी मल्लव्वाच्या अंगठ्याला हळद तिनंच लावली, आणि पट्टी सुटेपर्यंत रोज लावायला जात राहिली. हेवा मात्र गेला नाही. गेला म्हणून लिहिलं तर मी खोटारडी ठरेन.

म्हणून एकच मागते. त्या दारात दाखल्याला गेलात, तर काम धाकटीकडनं करून घ्या, माझी हरकत नाही. पण चप्पल काढताना पहिली हाक शिवलीलाला मारा. नाव घेऊन, मोठ्यानं, आतल्या सासूला ऐकू जाईल अशी.