चुकलेल्या शॉटनंतर काय म्हणायचं

मी जात्याच तापट. औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, तिथे चूक चालतच नाही. त्यामुळे चूक दिसली की माझं डोकं सटकतं, मग ती दुसऱ्याची असो की माझी. इथली, न्यूझीलंडमधल्या अप्पर हटची माणसं त्या मानानं थंड. गोल्फ खेळताना बॉल थेट नदीकडे गेला तरी 'स्वीट ॲज', म्हणजे 'मस्तच', म्हणून पुढे चालायला लागतात. मला ते कधी जमलं नाही. माझा शॉट वाकडा गेला की मी स्वतःलाच झोडपायची. "परत खाल्लंस शेण! अक्कल नावाला नाही." मराठीतच, म्हणून बिनधास्त. इथे कळतंय कुणाला?

कळत होतं माझ्या लेकीला. अकरा वर्षांची, इथेच जन्मलेली. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललेलं. तिनं एखादं तरी वाक्य मराठीत बोलावं म्हणून मी किती लाडीगोडी लावली, पण छे. शनिवारी सकाळी मात्र ती हौसेनं माझी बॅग ओढत यायची. यंदा तिला तिच्या उंचीचे क्लब घेऊन दिले, आणि ती माझ्याबरोबर खेळायला लागली.

तिसऱ्याच शनिवारी तिचा बॉल जेमतेम दोन पावलं घरंगळला. मी "होतं गं असं" म्हणणार, तेवढ्यात ती मान खाली घालून पुटपुटली, "परत खाल्लंस शेन. अक्कल नावाला नाही."

'ण'चा 'न' तेवढा झाला होता. बाकी सूर, ठसका, सगळं माझंच. ज्या मराठीसाठी मी एवढी आसुसले होते, ती ही अशी आली.

"असं का बोललीस स्वतःला?"

तिला प्रश्नच कळेना. "आय थॉट दॅट्स व्हॉट यू से," ती म्हणाली. शॉट चुकला की असं म्हणायचं असतं, तो खेळाचाच भाग आहे, असं तिला वाटलं होतं.

शेण म्हणजे काय हे तिला ठाऊकही नव्हतं. अक्कल म्हणजे काय ते मात्र ठाऊक होतं, आणि ती आपल्याला नाही हे तिनं मान्य करून टाकलं होतं.

मी म्हटलं, आईचं चुकलं, आता पुन्हा नाही बोलणार असं. म्हणायला काय जातं? पुढच्याच होलला माझा बॉल सरळ झाडीत. जीभ नुसती वळवळत होती. लेक बॉलकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी श्वास सोडला आणि म्हटलं, "असू दे." आवाज इतका कडू निघाला की तिला हसू आलं.

"यू डोन्ट मीन इट."

"नाही," मी कबूल केलं. "पण शिकतेय."

मग तिची पाळी. तिचाही बॉल माझ्या मागोमाग झाडीत. तिचे ओठ हलले, थांबले. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "आई, मग आता काय म्हणायचं?"

माझं 'असू दे' तर तिनं आधीच खोटं ठरवलं होतं. माझ्या लहानपणी अशा वेळी मला कोण काय म्हणालं होतं, ते आठवून पाहिलं. शेणाशिवाय काही आठवेना. मी तिला जवळ घेतलं.

"मला नाही गं माहीत, राणी. तूच सांग."

तिनं झाडीकडे बोट दाखवलं.

"चल," ती म्हणाली, "शोधू आपण."