जिभेखाली गोळी विरघळेपर्यंत

समुपदेशक बाईंनी हातातला कागद टेबलावर उलटा ठेवला आणि आधी खिडकी लावून घेतली. मग रघूकडे बघून म्हणाल्या, "सर, टेस्ट रिॲक्टिव्ह आली आहे. तिन्ही किटवर."

मीच विचारलं, "रिॲक्टिव्ह म्हणजे?" आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आहे मी. तरी विचारलं.

"म्हणजे रक्तात एचआयव्हीची लागण आहे, अम्मा," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. आता यावर चांगली औषधं आहेत."

नंदिनी, आदित्य, तुमच्या रघूमामाला टीबी झालेला नाही. तुमच्या आईने तुम्हाला तसं सांगितलं, आणि तसं सांगायला तिला इथल्याच लोकांनी शिकवलं. इथे तमिळ मुलखात राहूनही मी हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही दोघांनी आपापल्या खोलीत बसून वाचलं असतं. तिकडे परदेशात वाढल्यामुळे देवनागरी तुम्हाला येत नाही, तेव्हा हे आईलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागेल. सुधा, एकही वाक्य गाळू नकोस. रघूला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही. नाहीतर केशवकाका सांगतात तेच खरं ठरेल."

लिहिण्याचं निमित्त नंदिनीचं. गेल्या महिन्यात तिने आनंदाने निरोप पाठवला. एचआयव्ही टाळण्यासाठी वर्षातून दोनदाच घ्यायची सुई निघाली आहे, व्यसनावरही नवीन औषधं येत आहेत, या दोन्हींवर मिळून संशोधन करायला तिला संधी मिळते आहे. "आजी, how wonderful, no?" हो ग, छानच. पण तू ज्या विषयावर संशोधन करणार आहेस तो विषय आमच्या माडीवर राहतो. तेव्हा आधी हे ऐक.

क्रमाने सांगते. रघू मोपेडवरून पडला आणि त्याची कंबर दुखावली, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दुखण्यावर आधी गोळ्या दिल्या, मग इंजेक्शनं. दुखणं थांबलं तरी इंजेक्शन थांबलं नाही. पापनाशम गावाकडच्या एका मेडिकल दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी कुणी विचारत नसे. याला ओपिऑइड डिपेंडन्स म्हणतात. अफूच्या जातीच्या औषधाची शरीराला इतकी सवय होते की ते मिळालं नाही तर नाक गळतं, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा उठतो, माणूस खाटेवर कुठल्याच कुशीला स्वस्थ पडू शकत नाही. आमच्या घरात मात्र याला 'वळण बिघडलं' असं म्हणत.

तुमचे आजोबा गेले तेव्हा रघू या अवस्थेत होता. पहिली दोन्ही वर्षश्राद्धं त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे केशवभावजींनी केली. मुलगा घरात असून पुतण्यासारखा मागे उभा राहिला. आलेल्यांना भावजी सांगत, "रघूची तब्येत जरा नाजूक आहे." आणि 'नाजूक' म्हणताना भुवया वर करत.

मग रघू स्वतःहून उपचाराला गेला. त्याला कुणी ओढून नेलं नाही, हे लक्षात ठेवा. व्यसनावर उपचार करणारं केंद्र आमच्या गावात नव्हतं. रोज सकाळी बस पकडून दुसऱ्या गावी जायचं, तिथली नर्स जिभेखाली गोळी ठेवणार, ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. मग तोंड उघडून दाखवायचं आणि परत यायचं. औषधाचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. ते शरीराची ओढ शमवतं, पण नशा चढू देत नाही. मधुमेही माणूस इन्सुलिन घेतो तसंच हे, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते पटलं. घरात दुसऱ्या कुणाला पटलं नाही.

वर्षभर तो नेमाने गेला. अंगावर मांस चढलं. संध्याकाळी थिण्णैवर, म्हणजे आपल्या दारापुढच्या ओट्यावर बसून गल्लीतल्या मुलांना गणित सांगू लागला. दर सहा महिन्यांनी केंद्रात एचआयव्हीची तपासणी होई. दोन्ही वेळा निगेटिव्ह आली. मग तिसरं श्राद्ध आलं. भावजी येऊन म्हणाले, "यंदा रघूलाच करू दे."

रघूचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. त्याने आजोबांचं सोवळं स्वतः धुऊन वाळत घातलं.

आता आमच्या घरची रीत सांगते. श्राद्ध करणाऱ्याने आदल्या दिवसापासून गाव सोडायचं नाही. तिथीच्या दिवशी ब्राह्मण जेवून उठेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्पण झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि केंद्र दुपारी बंद होतं. म्हणजे गोळीचे तीन दिवस हुकणार.

मी केंद्रात गेले. म्हटलं, "तीन दिवसांच्या गोळ्या माझ्या हातात द्या. मी स्वतः देईन."

"रूल नाही, अम्मा," तिथला माणूस म्हणाला. "घरी दिलेल्या गोळ्या बाहेर विकल्या जातात."

"मी विकणार आहे का?"

"तुम्ही नाही हो. पण रूल सगळ्यांना एकच."

घरी येऊन भावजींना म्हटलं, "रघूला सकाळी जाऊन येऊ दे. दहाच्या आत परत येईल."

"वहिनी, वार बदलता येतो, तिथी नाही."

"तिथी कोण बदलतंय? औषध घेऊन येईल एवढंच."

त्यांनी टंबळरातली, म्हणजे पेल्यातली कॉफी आमच्या रीतीप्रमाणे ओठ न लावता उंचावरून घशात ओतली, टंबळर खाली ठेवला आणि रघूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तीन दिवस गोळीवाचून राहता येत नसेल, तर तो बरा झाला म्हणजे नक्की काय झालं? दुकान बदललं, एवढंच ना?"

रघू आतून आला. "राहतो मी, काका," म्हणाला. मला म्हणाला, "अम्मा, तू आता काही बोलू नकोस."

त्याने श्राद्ध उत्तम केलं. त्याचे उच्चार आजोबांसारखे आहेत. पिंड ठेवताना हात कापत होते, नाकातून पाणी येत होतं. वडे वाढणाऱ्या बायका म्हणाल्या, "वडिलांच्या आठवणीने बघ कसा रडतो आहे!" वाध्यार, म्हणजे आमचे उपाध्याय, एकदा त्याच्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघत होते. त्यांना त्या दिवशी आणखी एक घर होतं.

दुसऱ्या दिवशी तर्पण उशिरा झालं. बस गेली. दुपारनंतर रघू म्हणाला, "शेताकडे जाऊन येतो." कालव्याच्या रस्त्याने गेला तो थेट जुन्या ओळखीच्या माणसाकडे. सिरिंज एक होती आणि माणसं दोन.

रात्री तो शांत झोपला. मला वाटलं, निभावलं. त्यानंतरचे दोन-तीन दिवस घरी येणारा प्रत्येक जण त्याची पाठ थोपटत होता. याच दिवसांबद्दल पुढे डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. अशी सुई टोचली गेली तर बहात्तर तासांच्या आत पीईपी सुरू करता येतं. म्हणजे महिनाभर घ्यायच्या गोळ्या, ज्या लागण व्हायच्या आधीच विषाणूला बहुधा अडवतात. सरकारी इस्पितळात मिळतात. फक्त सांगायला हवं. पण ज्याचं कौतुक चाललं आहे त्याने सांगायचं कधी? रघू मला म्हणाला, "अम्मा, पहिल्यांदाच सगळे माझ्याशी नीट बोलत होते ग."

तो पुन्हा केंद्रात जाऊ लागला. काही आठवड्यांनी ताप आला, अंगावर लाल पुरळ उठलं, मानेत गाठी आल्या. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली, ताप उतरला. आम्ही देवाला नारळ फोडला. मग केंद्रातली सहा महिन्यांची नेहमीची तपासणी आली, आणि पुढचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारा सरकारी इस्पितळातला विभाग. तिथे आधी सीडी-फोर मोजतात. त्या रक्तातल्या संरक्षक पेशी असतात, आणि विषाणू त्यांनाच मारतो. मग रोज एक गोळी, तीन औषधं एकत्र असलेली, जन्मभर. तिथल्या बाकांवर कुणी कुणाकडे बघत नाही. एकदा माझ्या शेजारी तिरुवैयारूच्या ओळखीच्या बाई येऊन बसल्या. गाण्याच्या शिकवण्या करतात. आम्हा दोघींच्याही हातात सारख्याच रंगाची पुस्तिका.

"काय अक्का, शुगरसाठी का?" त्यांनी विचारलं.

"हो, शुगर," मी म्हटलं.

"मीही शुगरच."

मग आम्ही बराच वेळ भात खावा की गहू खावा यावर बोललो. नाव पुकारलं तेव्हा त्या पदराने चेहरा झाकून उठल्या. मला हसूही आलं आणि लाजही वाटली. पुढच्या खेपेला त्यांना खरं सांगायचं असं ठरवलं होतं. त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

भावजींना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "बघितलंस वहिनी? मी म्हणत नव्हतो, तो बरा झालाच नव्हता म्हणून!" त्या दिवसापासून ते आपला टंबळर पिशवीत घालून आणतात. ज्या घरात कुणीच भांडं ओठाला लावत नाही, त्या घरात! एचआयव्ही भांड्याने, हाताने, पंगतीने पसरत नाही, हे मी त्यांना मराठी आणि तमिळ अशा दोन भाषांत समजावलं. ते मान हलवतात आणि पिशवी जवळ ओढतात. 'टीबी' हा शब्दही त्यांनीच शोधला, आणि सुधाला फोनवर तोच दिला.

वाध्यारांना मी एवढंच विचारलं, "औषधासाठी गाव सोडलं तर श्राद्धाला बाध येतो का?"

"औषधाला कसली आडकाठी?" ते मोटरसायकल सुरू करता करता म्हणाले. "मला कुणी विचारलं नाही."

"तो कापत होता, ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं. मला वाटलं, तुमच्या घरचा मामला आहे." आणि गेले.

आता रघूचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, अनडिटेक्टेबल आहे. विषाणू इतका कमी झाला आहे की यंत्राला सापडत नाही. असा माणूस औषध नेमाने घेत राहिला तर शरीरसंबंधातूनही त्याच्याकडून कुणाला लागण होत नाही. तो म्हातारा होईल, केस पिकतील, बहुधा माझ्यासारखा चिडखोरही होईल. ज्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं मला पुन्हा पुन्हा, न कंटाळता सांगितलं त्यांचे आभार मानते. आणखी कुणाचे मानायचे ते शोधते आहे.

नंदिनी, तू म्हणतेस की ब्युप्रेनॉर्फिनचीही आता महिन्यातून एकदा घ्यायची सुई तुमच्याकडे मिळते. ती इथे असती तर आजोबांची तिथी त्या महिन्यात गुपचूप येऊन गेली असती, कुणाला काही विचारावं लागलं नसतं. ते औषध आमच्या गल्लीपर्यंत कधी पोचेल ते मला माहीत नाही. पण संशोधनाला बसशील तेव्हा लोकांना नुसतं 'गोळी का चुकली' असं विचारू नकोस. त्या दिवशी घरात काय होतं, तेही विचार. तुझ्या त्या मोठ्या पुस्तकांत आमची तिथी नसणार. आमच्या पंचांगात तुझी गोळी नव्हती. या दोन्हींच्या मध्ये तुझा मामा सापडला. तुम्हाला कुणाला असं माणूस सांभाळायची वेळ आली, तर 'एक दिवस औषध सोड' असं कुणालाही म्हणू देऊ नका. म्हणणारा कितीही जवळचा असो.

यंदाचं श्राद्ध परवा झालं. केंद्राने आता नेमाने येणाऱ्यांना काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला सुरुवात केली आहे. भावजी म्हणाले होते, "यंदा मी करतो, वहिनी. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तुम्ही जेवायला या. करणारा त्यांचा मुलगा आहे." ते आले. पिशवी घेऊन आले.

रघू सोवळं नेसून पाटावर बसला. वाध्यारांनी दर्भाचं पवित्रक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "म्हणा, आचम्य..." रघूने हात वर करून त्यांना थांबवलं. मी देवघरातून गोळी आणून दिली. त्याने ती सगळ्यांसमोर जिभेखाली ठेवली आणि तोंड मिटलं.

आता त्याला बोलता येणार नव्हतं, आणि तो बोलल्याशिवाय संकल्प सुरू होणार नव्हता. वाध्यारांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून बसले. ब्राह्मण बसले. भावजी दाराकडे तोंड करून उभे होते. स्वयंपाकघरात खिरीचं दूध वर आलं, कुणीतरी धावत जाऊन जाळ कमी केला. बाकी सगळं घर एका माणसाच्या तोंडातली गोळी विरघळायची वाट बघत गप्प होतं.

मग रघूने तोंड उघडून मला दाखवलं, नर्सला दाखवायचा तसंच. आणि आजोबांसारख्या आवाजात पहिला शब्द म्हटला.

एवढाच वेळ लागतो, मुलांनो. त्या वर्षी तो आम्ही त्याला दिला नाही.