पोरींना सांगायचं नाही, असं ठरलं होतं

धाकटी दहा महिन्यांची असताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. पांढरकवड्यातल्या एका डॉक्टरांकडे गेले. ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "दुधाची गाठ आहे. शेकत जा, बाळाला पाजत जा," म्हणाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. समजलं नाही तर पुन्हा विचारा, असं पोरांना रोज सांगते. मी मात्र पुन्हा विचारलं नाही. आठ महिने शेकत राहिले.

मग नागपूरला स्तन काढला. केमो झाली, केस गेले, परत आले. सगळ्यांनी "सुटलीस बाई" म्हणत पेढे खाल्ले. वर्षभरानं फळ्यावर बाराखडी लिहिताना हात वर जाईना. स्कॅनमध्ये आजार मणक्यात आणि फासळ्यांत पसरलेला दिसला. नागपूरच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या, "आता हा पूर्ण जाणार नाही. औषधानं जितका दाबून ठेवता येईल तितका ठेवू." त्यांचा मला राग आला नाही. एवढ्या माणसांत खरं बोलणारी ती एकटीच निघाली.

घरी आल्यावर बैठक बसली. नवरा, त्याची मोठी बहीण, माझा भाऊ. पोरींना काही सांगायचं नाही, असं ठरलं. मोठी आठ वर्षांची, धाकटी चार. "आईच्या पाठीत चमक भरली" एवढंच सांगायचं. मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो माझा माझ्यावरच आहे.

दर एकवीस दिवसांनी आम्ही दोघं पहाटेच्या बसनं नागपूरला जायचो. नवऱ्याचं हायवेवर टायरचं दुकान आहे, त्या दिवशी ते बंद. पोरींना सांभाळायला नणंद वणीहून यायची. लोक म्हणायचे, नणंद असावी तर अशी. मीही म्हणायचे.

एकदा रक्त तपासलं तर पेशी कमी निघाल्या. केमो आठवडाभर पुढे ढकलली आणि आम्ही संध्याकाळऐवजी दुपारीच घरी पोचलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात मोठी पाटावर उभी राहून गॅसवर पोळी शेकत होती. मनगटावर चटक्याचा लाल पट्टा, त्यावर टूथपेस्ट थापलेली. शाळा बुडवलेली. नणंद खाली बसून तूर निवडत होती.

"ही बी वाकडी झाली," ती म्हणत होती. "दुसरी लाट."

मी विचारलं, "ताई, काय चाललंय हे?"

"शिकवून राह्यली तिले. पोरीची जात हाय. उद्या कोन करनार हाय?"

हे तिनं पोरीसमोर म्हटलं. मी पुढे होऊन गॅस बंद केला.

"उद्या मी करणार हाय. मी नसली त तिचा बाप करन. त्याले हात नाहीत का?"

"मानसाचं काय, त्याची सोय होते," नणंद तूर पाखडत म्हणाली. "माह्या जावेच्या बहिनीले मी इचारून ठेवलं हाय. गरीब हाय, पोरीइले जीव लावन. तुह्याच पोरीइच्या भल्याचं करून राह्यली मी."

नवरा माझ्या मागेच उभा होता, रिपोर्टची पिशवी हातात घेऊन. मी वळून बघितलं. तो पिशवी खुंटीला अडकवायला लागला.

"तुम्हाले माहीत होतं?"

"ताई म्हणत होती. मी काही हो म्हटलं नाही."

"नाही तरी म्हटलं का?"

तो खुंटीवरची पिशवी सरळ करत राहिला. परातीतला कणकेचा गोळा मी उचलला आणि भिंतीवर फेकला. दुसरा सापडला नाही म्हणून लाटणं फेकलं. आयुष्यात कधी वर्गातल्या पोरावरसुद्धा खडू उगारला नव्हता मी. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "मी अजून इथंच उभी हाय! माह्या चुलीपाशी! माह्या जित्तेपणी माह्या जागेचं माप घेता?"

तेवढ्यात मोठी माझ्या पदराला धरून रडत म्हणाली, "आई, ओरडू नको ना. ओरडल्यानं तुहा कॅन्सर वाढते."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"तुले कोणी सांगतलं?"

"वर्गातल्या पोरीनं. दिवाळीच्या आधीच. तू सांगत नव्हती, म्हणून मीपण नाही सांगतलं."

चार महिने! चार महिने ही पोर एकटीनं ते घेऊन शाळेत जात होती, डबा खात होती, पाठीला बाम चोळून देत होती. आणि आम्ही मोठी माणसं तिला जपत होतो म्हणे.

मी दोघींना घेऊन मागच्या अंगणात बसले. कॅन्सर कुठं आहे ते माझ्या पाठीवर त्यांचे हात ठेवून दाखवलं. मोठीनं विचारलं, "बरा होते का?"

"नाही. औषधानं थांबून राहते. जितके दिवस थांबते तितके दिवस."

"मंग तू मरशील?"

"हो. कधी ते डॉक्टरलेबी नाही माहीत. आज नाही."

धाकटीला एवढंच विचारायचं होतं, की गॅदरिंगला तिला मोराचे पंख कोण बांधणार. मी म्हणाले, मी. आणि मी बांधले.

नणंद दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेली. जाताना रडली, मी थांबवलं नाही. तिच्या मनात वाईट नव्हतं, असं सगळे सांगतात. नसेल. आता नागपूरच्या दिवशी माझा भाऊ येतो. स्वयंपाक नवरा शिकतो आहे. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. मी तेच काम इतकी वर्षं केलं, तेव्हा मला कोणी देवी म्हणाल्याचं आठवत नाही. त्याच्याशी बोलते. पण त्या दिवशीच्या गप्प बसण्याबद्दल अजून माफ केलेलं नाही, आणि हे त्याला माहीत आहे.

शाळेतल्या बाया म्हणतात, "मॅडम, मन शांत ठेवा, रागानं तब्येत बिघडते." मी ऐकून घेते. हाडं माझी पोखरली जात आहेत, आणि शांत राहायचं तेही मीच.

मागच्या महिन्यात उजव्या खुब्यातही दिसला. त्याच संध्याकाळी दोघींना सांगितलं. मोठीनं फक्त विचारलं, "कोणत्या बाजूनं?" मी दाखवलं. तेव्हापासून रस्त्यानं चालताना ती माझ्या उजवीकडून चालते, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. येणाऱ्या माणसांकडे डोळे वटारून बघते. आठ वर्षांच्या पोरीला हे शिकावं लागलं. याचा राग नेमका कोणावर काढायचा, ते मला अजून सापडलेलं नाही.